शंभर माणसांसमोरचं नाटक

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला, आणि शेवटी उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, अशी त्यांची ओळख वर्तमानपत्रांनी करून दिली. ती खरीच होती. पण तिच्यामागे दुसरी ओळख झाकली गेली. वैशालीताई नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे ते नाटक. विदर्भातल्या कापूसपट्ट्यातल्या, घरधनी गमावलेल्या बायका त्यात आपलं जगणं सांगतात आणि गातात. त्या दिवशी मंडपातल्या एवढ्या मोठ्या समुदायासमोर वैशालीताई ज्या ठामपणे बोलल्या, त्यात त्यांच्या सोसण्याइतकाच तालमींचाही वाटा असणार, असं मी मानतो. नवरा गेल्यावर ज्या बाईला गावात चार माणसांत बोलायची सोय उरत नाही, तिला उभं राहून, समोर बघून, वाक्य पूर्ण करायला त्या नाटकाने जागा दिली.

हे पुस्तक अशा नाटकांविषयी आहे. ती छोटी असतात. प्रेक्षक पन्नास असतात, कधी शंभर, गावात पार भरला तर चारशे. नेपथ्य म्हणजे दोन लेव्हल आणि एक दोरी, प्रकाशयोजना म्हणजे कधी चार स्पॉट तर कधी ग्रामपंचायतीचा हॅलोजन. अख्खा संच एका टेम्पोत मावतो. नट बहुतेक वेळा नोकरी, शेती किंवा कॉलेज सांभाळून आलेले असतात आणि प्रयोगानंतर झोळी फिरते. या रंगभूमीला आपण प्रायोगिक म्हणालो, समांतर म्हणालो, रस्त्यावर आली तेव्हा पथनाट्य म्हणालो. नाव कोणतंही घ्या, आजूबाजूला जे घडतंय त्याला ती सगळ्यात आधी भिडते. मोठ्या नाट्यगृहाचं गणित सांभाळणाऱ्या निर्मात्याला दुष्काळावर नाटक काढताना दहा वेळा विचार करावा लागतो. या छोट्या रंगभूमीला तेवढा वेळ घेणं परवडत नाही, आणि गमवायला फार काही नसल्यामुळे घ्यावाही लागत नाही.

मराठीत याची मुळं फार जुनी आहेत. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं १८५५ साली. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं, आणि छापील रूपात वाचकांसमोर यायला त्याला शतकाहून जास्त काळ लागला. धर्माच्या नावाने नाडल्या गेलेल्या एका शेतकरी जोडप्याची ती गोष्ट. नाटकाच्या शेवटी ते दोघं रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. प्रेक्षकाने नाटक संपल्यावर काय करावं हे नाटकातच करून दाखवायचं, ही रीत तेव्हाची. पुढे सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरले, भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये आलं आणि शाळांच्या पटांगणांतून, चाळींच्या अंगणांतून त्याचे अक्षरशः हजारो प्रयोग झाले. त्याच संघटनेने पुढे मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायकांचं संघटन केलं. नाटक करणाऱ्या बायका आणि कचऱ्याचं व्यवस्थापन शिकणाऱ्या बायका एकाच कामात एकमेकींना भेटल्या. सामाजिक प्रश्न आणि पर्यावरणाचा प्रश्न हे दोन वेगळे विभाग आहेत, असं आपल्याकडे ज्यांना वाटतं त्यांनी हे काम जवळून पाहावं.

मला या प्रस्तावनेत मुख्यतः हेच सांगायचं आहे. महाराष्ट्रात पर्यावरणावरचं नाटक शोधायला निघालात तर ते त्या नावाने सापडणार नाही. ते पाण्यावरचं, जातीवरचं, झाडूवरचं, बाईवरचं नाटक म्हणून सापडेल.

पाण्याचंच घ्या. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका राज्याच्या कानाकोपऱ्यात झाली, इतर भाषांतही गेली. पाणी आहे, विहीर आहे, तहानही आहे, पण मध्ये जात उभी आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्काचा जो प्रश्न विचारला गेला तो स्वातंत्र्यानंतरच्या प्रेक्षकाला या एकांकिकेने पुन्हा विचारला. त्यानंतर कित्येक वर्षांनी नाशिकहून ‘हंडाभर चांदण्या’ आलं. लेखक दत्ता पाटील, दिग्दर्शक सचिन शिंदे. इथे पाणीच नाही, आणि गाव टँकरची वाट पाहतंय. या दोन नाटकांच्या मधल्या काळात राज्यात धरणं झाली, ऊस वाढला, बोअरवेल खोल खोल गेल्या, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना प्यायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी गेलं होतं. दोन नाटकं शेजारी ठेवून वाचली तर दिसतं की पाणी आटल्यामुळे पाण्यावरचा हक्काचा प्रश्न मिटलेला नाही. रांगेत पहिलं कोण, टँकर कोणत्या आळीत आधी थांबणार, शेंदायला किती वाजता उठायचं आणि कोणी उठायचं, हे सगळं जात, पैसा आणि बाईपण यांवरच ठरतं.

‘हंडाभर चांदण्या’ मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं, आणि ते कारण नाटकाच्या रचनेतलं आहे. पर्यावरणाचं संकट रंगमंचावर आणणं अतिशय अवघड. नाटकाला घटना लागते, टक्कर लागते, समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसं लागतात. दुष्काळ अशी घटना देत नाही. तो हळूहळू येतो. भूजल वर्षाला थोडं थोडं उतरतं, जमिनीचा कस जातो, पाऊस जूनमधून जुलैत सरकतो. यात खलनायक कोणाला करायचं? घाईत असलेला लेखक मग एक दुष्ट पुढारी उभा करतो, त्याच्या तोंडी दोन मग्रूर वाक्यं घालतो आणि शेवटी गावाकडून त्याला पळवून लावतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि सुटतो. वाट पाहण्यालाच नाटकाचा कणा करायचा, हा त्यातून निघण्याचा खरा मार्ग. पाणी न येण्याचा काळ प्रेक्षकाला खुर्चीत बसून सोसायला लावायचा. मग माणसं एकमेकांशी कशी बोलायला लागतात, थट्टा कधी विखारी होते, म्हातारी काय आठवते, हे सगळं त्या रिकाम्या वेळातून आपोआप बाहेर येतं. लहान जागेत हे जमतं. शंभर माणसांच्या खोलीत शांतता जड होते. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात तेवढ्याच शांततेत कोणीतरी मोबाइल उघडतो.

‘तेरवं’ने दुसरा मार्ग घेतला, साक्षीचा. तिथे समोरची बाई जे सांगते ते तिच्या घरात घडलेलं आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. हा मार्ग धोक्याचाही आहे. दुःख भोगलेल्या माणसाकडून ते रोज संध्याकाळी पुन्हा मांडून घ्यायचं, यात निर्दयता शिरू शकते. ती टळते गाण्यामुळे आणि घोळक्यामुळे. जात्यावरच्या ओवीपासून आपल्या बायकांनी हेच केलं आहे: एकटीचं दुःख सगळ्यांच्या चालीवर घातलं की ते सांगता येतं. अशा संहिता वाचताना गाण्यांची पानं उलटून पुढे जाऊ नका. नाटकाचं मर्म बहुतेक वेळा तिथेच असतं.

आता थोडं पुण्याकडे. दिग्दर्शक अतुल पेठे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांच्या जगण्यावर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता. कचऱ्याविषयी शहर केवढं बोलतं आणि कचऱ्यात हात घालणाऱ्या माणसाविषयी किती थोडं, हे त्यात अंगावर येतं. पुढे २०१२ मध्ये त्यांनी गो. पु. देशपांडे यांचं जोतीराव फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ हे नाटक पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या साथीने उभं केलं, आणि त्यात भूमिका केल्या सफाई कामगारांनी. पहाटे रस्ता झाडणारा माणूस संध्याकाळी तालमीला येऊन जोतीरावांच्या काळातली भाषा तोंडात बसवतोय, हे चित्र नुसतं हृद्य म्हणून सोडून देण्यासारखं नाही. गोपुंचं नाटक विचारांचं आहे, वाद-प्रतिवादांचं आहे. असं नाटक सुशिक्षित नटांनी, सुशिक्षितांसाठी करायचं असतं हा आपला समज त्या प्रयोगांनी मोडला. जोतीरावांचं वाक्य कामगाराच्या तोंडून आलं की त्याचा वर्तमानकाळ होतो. शहराचं आरोग्य ज्यांच्या श्रमावर उभं आहे त्यांनीच शहराला इतिहास सांगावा, यापेक्षा पर्यावरणाचं मोठं नाटक कोणतं असेल? त्यात पर्यावरण हा शब्द एकदाही आला नाही तरी चालेल.

पेठे यांनीच त्याआधी मकरंद साठे यांचं ‘दलपतसिंग येती गावा’ बसवलं होतं, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावच्या माणसांना घेऊन. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, हजेरीपटावरच्या खोट्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या, आणि त्या झगड्यातून पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. ही हकीकत मराठवाड्यातल्या गावकऱ्यांनी मराठवाड्याच्या बोलीत मांडली. जनसुनावणी स्वतःच एक नाटक आहे. कागद वाचला जातो, ज्याचं नाव त्यात आहे तो माणूस उठून म्हणतो की मी त्या कामावर गेलोच नव्हतो, आणि सभा हादरते. याच जांब समर्थचे राजकुमार तांगडे ‘आकडा’ घेऊन आले, विजेच्या तारेवर आकडा टाकून जगणाऱ्या गावाचं नाटक. त्यांनीच लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये नंदू माधव यांच्या दिग्दर्शनात आलं आणि मोठमोठ्या नाट्यगृहांत शेकडो प्रयोग करून गेलं. संभाजी भगतांची शाहिरी त्याच्या पाठीशी होती. गावातल्या ओसरीवर सुरू झालेली नाट्यचळवळ तिथवर पोहोचते हे लक्षात ठेवायला हवं, कारण लहान नाटक म्हणजे अर्धवट नाटक असा ग्रह अजून गेलेला नाही.

२० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे आणि राजू इनामदार यांच्याबरोबर शिबिरं घेऊन रिंगणनाट्यं उभी केली. रिंगण करायचं, मध्ये नाटक, भोवती माणसं, आणि नाटक संपलं की तिथेच चर्चा. गोळी घालणाऱ्यांना उत्तर म्हणून कार्यकर्त्यांनी संवाद पाठ केले. मला या काळातली ही सर्वांत मोठी नाट्यघटना वाटते, जरी नाट्यसमीक्षेने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही. बाहेर पाहायचं तर दिल्लीजवळ साहिबाबादला १ जानेवारी १९८९ रोजी ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना ते करणाऱ्या सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला त्याच ठिकाणी जाऊन त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि जन नाट्य मंचाने ते नाटक पूर्ण केलं. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ पासून बुधन थिएटर उभं आहे. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन सबरच्या नावाने, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातीच्या मुलांनी चालवलेलं. आणि बंगालचे बादल सरकार. पेशाने नगररचनाकार असलेल्या या माणसाने मंच, पडदा, तिकीट सगळं सोडून दिलं आणि सुंदरबनातल्या जंगल तोडून शेती करणाऱ्या माणसांच्या भेटीतून ‘भोमा’ लिहिलं. त्यांच्या ‘मिछिल’चं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी मुंबईच्या छबिलदास शाळेत केलं, प्रेक्षकांच्या अगदी मधोमध. त्या एका प्रयोगाने मुंबईच्या किती तरुणांना जागेचा नवा विचार दिला असेल!

छबिलदासचं नाव निघालं म्हणून जागेविषयी. दादरच्या त्या शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत जे केलं ते एका शाळेने दार उघडल्यामुळे झालं. नंतर माहीमच्या पालिका शाळेत अरुण काकडे यांनी ती ज्योत सांभाळली. पुण्यात सुदर्शन रंगमंचाने लेखक-दिग्दर्शकांच्या दोन पिढ्या घडवल्या, अलीकडे ‘द बॉक्स’सारखी, खुर्च्या हव्या तशा मांडता येणारी जागा मिळाली. पण लातूर, अकोला, धुळे इथल्या मुलांचं काय? त्यांच्याकडे एकांकिका स्पर्धा आहेत आणि १९५४ पासून चालू असलेली राज्य नाट्य स्पर्धा आहे. स्पर्धेतलं नाटक करंडक घेऊन येतं आणि दोन प्रयोगांत संपतं. ज्या गावावर ते लिहिलं त्या गावाला ते दिसतच नाही. शिवाय महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरवानगीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. आजच्या बातमीवर उद्या नाटक करू पाहणाऱ्या मुलांना ही अट किती जड जाते, हे त्या मुलांना विचारावं.

आता एक कडू गोष्ट. विषय चांगला म्हणून नाटक चांगलं होत नाही, आणि या क्षेत्रात वाईट नाटकं खूप झाली आहेत. सरकारी योजनांच्या आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या पैशावर पथनाट्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. पाणी वाचवा, प्लॅस्टिक टाळा, झाडं लावा. दोन मुलं ढोलकी वाजवत वस्तीत येतात आणि मैलभरावरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या बाईला पाणी जपून वापरायला सांगतात. ती बाई काही बोलत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते त्या नाटकातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा खरं असतं. ज्याने सर्वांत कमी नासधूस केली त्यालाच शिकवणी, आणि ज्याने नदीत रसायन सोडलं त्याचा बॅनर मागे टांगलेला. हे प्रबोधन नाही. फुल्यांपासून चालत आलेल्या परंपरेत शिकवणारा आणि शिकणारा एकाच घामाचे होते. छोट्या रंगभूमीने पैसा कोणाचा घेतला हे प्रेक्षकांना सांगावं, एवढी माझी तिच्याकडून मागणी आहे.

उणिवाही आहेत. माळीण हे गाव २०१४ मध्ये डोंगराखाली गेलं, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११ मध्येच दिला होता. सह्याद्री असा सरकत असताना त्याच्या कुशीतल्या माणसांचं मोठ्या ताकदीचं नाटक मी अजून पाहिलेलं नाही. कारखान्यांनी नासवलेल्या नदीवर, गर्भाशयं काढलेल्या ऊसतोड कामगार बायकांवर, समुद्रात शिरणाऱ्या रस्त्यांमुळे हटलेल्या कोळ्यांवर तुकड्यातुकड्याने लिहिलं जातंय. ते सलग आणि निर्भयपणे यायला हवं. लेखक शहरात आणि प्रश्न डोंगरात, हे अंतर संहितेत लगेच ऐकू येतं. बोली खोटी पडते. जांब समर्थच्या माणसांनी आपलं आपण लिहिलं म्हणून ते टिकलं, ही खूण पुढच्यांनी धरावी.

वाचकाला शेवटची विनंती. अशी नाटकं मनातल्या मनात वाचू नका. चार जण जमा, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. एखादी आवडली तर लेखकाला कळवून, त्याची परवानगी आणि मानधन देऊन तिचा प्रयोग करा. तुमच्या हाती शाळेचं सभागृह, सोसायटीची गच्ची, ग्रंथालयाची खोली किंवा देवळासमोरचं पटांगण असेल तर महिन्यातली एक संध्याकाळ नाटकवाल्यांना द्या. आणि तुमच्या गावात प्रयोग लागला तर फुकट पास मागू नका. तिकीट काढा, आणि नसेल तर झोळीत टाका. त्या पैशातून टेम्पोचं भाडं निघतं आणि नाटक पुढच्या गावाला जातं.